बातमीपत्रातलं पाचवं पान

४ फेब्रुवारी

व्याहीबुवांना सप्रेम नमस्कार.

माझं अक्षर पाहून दचकू नका. मुलांचं सगळं ठीक आहे. लेक परवा फोनवर तासभर तुमच्या चिरंजीवांच्या तक्रारी सांगत होती, म्हणजे संसार ठणठणीत आहे. हे पत्र कामाचं आहे. "आई, ते समितीवर आहेत, त्यांना काही लिहू नकोस," असं तिनं बजावलं होतं. तिनं बजावलं नसतं तर कदाचित माझ्या डोक्यातही आलं नसतं.

सरकारनं रेडिओ आपल्या खर्चानं चालवावा की नाही, हे ठरवायला पाच जणांची समिती नेमल्याचं परिपत्रक काल आलं. पाचवं नाव तुमचं. वाचलं आणि कपाळावर हात मारला. तुम्ही तुमच्या साप्ताहिकात आम्हाला 'सरकारी पोपट' म्हणायचात. ती कात्रणं माझ्याकडे आहेत, लग्न ठरायच्या आधीपासूनची.

आता ऐका. टेकडीवरच्या या केंद्रात आम्ही अकरा माणसं आहोत. पलीकडच्या चौदा वस्त्यांत मोबाईल लागत नाही, रेडिओ लागतो. दिवसाला दोन बातमीपत्रं आणि एक सूचनांचा कार्यक्रम. कुठला रस्ता खचला, दवाखान्यात डॉक्टर आज आहे की नाही, कुणाला रक्त हवंय. हे ऐकवून कुणाला नफा होत नाही, म्हणून दुसरं कुणी ऐकवत नाही.

सरकार आम्हाला लाडानं पोसतं असं समजू नका. आमचा चांगला मायक्रोफोन चौदा महिने दुरुस्तीच्या फायलीत आहे. म्हणजे मायक्रोफोन कपाटात आणि फाईल दौऱ्यावर. पण भांडं गळतंय म्हणून कुणी विहीर बुजवत नाही.

निकाल द्यायचा तो द्या. आधी इथं येऊन तीन दिवस बसा. एवढंच मागणं.

तुमची विहीण

११ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

समितीच्या सभासदानं केंद्रप्रमुखाशी असा पत्रव्यवहार करणं बरोबर नाही. तरी करतोय. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर भांडण होतं, पत्रात वाद होतो.

माझं मत लपवत नाही. अनुदान बंद व्हावं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण कुणी गंमत म्हणून केलेली नाही. एकतीस वर्षं साप्ताहिक चालवलं, सरकारी जाहिरातीचा एक चौकोन घेतला नाही. एकदा त्यांनी माझा कागद अडवला, तेव्हा दोन महिने पाठकोऱ्या कागदावर छापलं. चार वर्षांपूर्वी बंद केलं ते वाचक उरले नाहीत म्हणून, कुणाच्या धाकानं नाही. हे लिहिताना छाती थोडी फुगते, क्षमा करा.

आमची ही म्हणते, "तिकडं जा, तीन दिवस मलाही शांतता मिळेल." तेव्हा येतो. उतरेन मात्र विश्रामगृहात. तुमच्या घरी राहिलो तर उद्या लोक म्हणतील, विहिणीच्या हातचं जेवून आला आणि अहवाल लिहिला.

आपला व्याही

२७ फेब्रुवारी

व्याहीबुवांना नमस्कार.

सुखरूप पोचलात हे लेकीकडून कळलं. तुम्ही तीन दिवस त्या मोडक्या स्टुलावर बसलात आणि एकदाही तक्रार केली नाहीत, याचं आमच्या सगळ्यांना नवल वाटतंय. आमचा ध्वनीचा तंत्रज्ञ, ज्याला आम्ही कानसेन म्हणतो, तो म्हणाला, "बाई, हे गृहस्थ शत्रुपक्षाचे वाटत नाहीत." मी म्हटलं, "थांब, अजून अहवाल यायचाय."

तुमच्यासमोर सुतार आला होता ना, धाकट्या भावाशी भांडण झालं म्हणून रडवेला झालेला? आपण त्याची सूचना वाचली होती, "घरी ये, कुणी काही बोलणार नाही." सोमवारी भाऊ आला. दोघं मिळून टेकडी चढून सांगायला आले. आणि इथं उभ्याउभ्याच पुन्हा भांडले. पण आला. खाली बाजारात जे खासगी गाण्यांचं केंद्र आहे, त्यांनी ही सूचना वाचली असती का? विचारून पाहा, आधी दरपत्रक हातात ठेवतील.

मधल्या दिवशी बातमीपत्र दीड मिनिट लवकर संपलं आणि बासरी लावावी लागली, त्याचं मात्र मनावर घेऊ नका. स्टुडिओतलं घड्याळ पुढे गेलं होतं. जुनं झालंय सगळंच.

तुम्ही जे पाहिलंत तेच लिहा. मला दुसरं काही नको.

तुमची विहीण

९ मार्च

विहीणबाई,

आजच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर बातमी आहे. तुमच्या खालच्या वस्तीत दूषित पाण्यानं साठ माणसं दवाखान्यात. त्यातला एक शिंपी दगावला. पाण्याच्या तपासणीचा अहवाल सतरा दिवस आधीच आला होता, असंही त्यात लिहिलंय. मी तारीख मोजली. मी तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी होतो, तीच.

त्या दिवशी बातमीपत्र वाचून झाल्यावर तुम्ही कागद टेबलावर ठेवलेत. मी सवयीनं ते सारखे केले. छापखान्यात जन्म गेला, पानांचे आकडे न पाहता मला कागद हातात धरता येत नाहीत. चारनंतर सहा होतं.

तेव्हा विचारलं नाही. घड्याळ पुढे गेलंय हे मी मान्य केलं असतं, पण घड्याळ पान पळवत नाही.

पाचव्या पानावर काय होतं? माझा तर्क चुकीचा असेल तर मी तुमच्या पाया पडून माफी मागेन. खरा असेल तर तो अहवालात लिहावा लागेल. नातं आड आणू नका, मीही आणणार नाही.

व्याही

१४ मार्च

व्याहीबुवा,

तर्क खरा आहे.

आमच्या वार्ताहरानं तपासणीचा कागद मिळवला होता. 'खालच्या वस्तीत नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये.' एवढंच होतं, सात ओळी. बातमीपत्राला वीस मिनिटं असताना खात्याच्या सचिवांच्या कचेरीतून फोन आला. त्यांना कसं कळलं, मला अजून माहीत नाही. तुम्हाला वाटेल कुणी दरडावलं. छे! फार गोड आवाज होता. "ताई, तो निकाल पक्का नाही म्हणतात. दुसरी तपासणी होऊ द्या, दोन दिवस थांबा. तसं तुमच्यावर कुणाचं बंधन नाही. पण समिती बसलीय, अनुदानाचं चाललंय, अशा वेळी घबराट उडवली असं व्हायला नको, नाही का?"

नाही का. मी "बरं" म्हटलं. बाहेर तुम्ही चहा पीत होतात. मला अकरा माणसं दिसली. त्यांतल्या तिघांची मुलं शिकताहेत. दोन दिवसच तर आहेत, असं म्हणून पान काढलं आणि खणात ठेवलं. दोन दिवसांनी मी फोन केला तर म्हणाले, तपासणी चालू आहे. आणखी तीन दिवसांनी केला, साहेब दौऱ्यावर. तेवढ्यात माणसं आजारी पडायला लागली आणि मग सांगायला काही उरलंच नाही. बैल गेला आणि झोपा केला.

शिंप्याच्या घरी जाऊन आले. त्याच्या बायकोला मी कोण ते सांगितलं नाही. हेही लिहा अहवालात.

पण तुम्ही मला न्यायाधीशासारखं पत्र लिहिलंत म्हणून मीही एक विचारते. विश्रामगृहाचा रखवालदार काल दवाखान्यात भेटला, त्याची बहीण तिथं आहे. तो म्हणाला, "ते समितीचे साहेब आले होते ना, त्यांना मी पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं, नळाचं पिऊ नका, लोकांची पोटं बिघडताहेत." तुम्ही त्याच्याकडून उकळलेलं पाणी मागून घेतलंत. तिन्ही दिवस. एकतीस वर्षं वर्तमानपत्र चालवलेला माणूस दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर स्टुलावर बसला आणि "खाली पाणी खराब आहे म्हणतात, चौकशी करा," एवढं वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही! निघालं असतं तर कदाचित मला त्या फोनवर "बरं" म्हणायची लाज वाटली असती.

आणि ते गाण्यांचं केंद्र? त्यांच्यावर कुठल्या मंत्र्याचं दडपण नव्हतं. नळ टाकणारा कंत्राटदार तासाला चार जाहिराती देतो त्यांना. त्यांनीही गाणीच वाजवली.

विहीण

२९ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र आलं त्याला बारा दिवस झाले. चार वेळा उत्तर लिहायला बसलो. प्रत्येक वेळी पहिल्या ओळीत मी स्वतःची बाजू मांडत होतो, म्हणून फाडून टाकलं.

रखवालदार बोलला ते अक्षरशः खरं आहे. मी ऐकलं, उकळलेलं पाणी मागितलं आणि समितीच्या वहीत टिपून ठेवलं: 'स्थानिक पाणीपुरवठा सदोष, केंद्र यावर बोलते का पाहणे.' पाहणे! तुम्ही नापास होता की नाही ते बघत बसलो होतो मी. साठ माणसं ते पाणी पीत होती.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. आमच्या हिलाही माहीत नाही. साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर एका रंगाच्या कारखान्याची जाहिरात असायची, अख्खं पान, एकोणीस वर्षं. त्या कारखान्यात एका कामगाराचा हात यंत्रात गेला. बातमी जुळवून तयार होती. मालकाचा फोन आला नव्हता, तुमच्याशी बोललं तसं कुणी गोड आवाजात बोललं नव्हतं. मीच घाबरलो. तीन आठवडे थांबलो, आणि मग छापली ती चार ओळींत, कारखान्याचं नाव न घेता. सरकारचं मीठ खाल्लं नाही म्हणून मी जन्मभर मिशांना पीळ देत हिंडलो. मीठ कुणाचं तरी खाल्लंच होतं.

काल समितीची बैठक होती. मी म्हटलं, पैसे सरकारनंच द्यावेत, पण दहा वर्षांचे एकदम, कायद्यानं ठरवून. मंत्र्याला ते वाढवता येऊ नयेत आणि कापताही येऊ नयेत. केंद्रप्रमुख कुणी नेमायचा तेही खात्याच्या हातात नको. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश आहेत, सभ्य माणूस. हसून म्हणाले, "अहो, दावणीला न बांधता वैरण कोण घालतं?" प्राध्यापक आहेत एक, ते म्हणाले, "मग बाजारावर सोडा." मी म्हटलं, "सोडलंय की. गाणी ऐकतोय." कुणाला काही कळलं नाही. दोन व्यापारी सभासद आहेत, ते घड्याळाकडे बघत होते.

मी वेगळं मत लिहून देणार आहे. त्यात पाचवं पान असेल आणि विश्रामगृहातलं उकळलेलं पाणीही असेल. फोनची हकीकत लिहू का? तुमची नोकरी जाईल.

आपला व्याही

२ एप्रिल

व्याहीबुवा,

लिहा. नाव माझं लिहा, केंद्राचं नको. बाकीच्या दहा जणांना त्या फोनबद्दल काही ठाऊक नव्हतं.

लेकीला सगळं सांगितलं. ती तुमच्याशीही बोलत नाही आणि माझ्याशीही. जावई मध्ये सापडलेत, दोन्हीकडे "बरोबर आहे तुमचं" म्हणताहेत. त्यांना समितीवर घ्यायला हवं होतं.

विहीण

८ मे

विहीणबाईंना नमस्कार.

अहवाल छापून आला. सरकारनं तो मान्यही केला, चार दिवसांत. एरवी यांच्याकडे मायक्रोफोनची फाईल चौदा महिने फिरते.

निकाल ऐका. अनुदान चालू राहणार. केंद्र बंद होणार नाही, कुणाची नोकरी जाणार नाही. मात्र 'वादाला जागा राहू नये व सार्वजनिक पैशाचा विनियोग निर्विवाद कामासाठी व्हावा' म्हणून पहिल्या जूनपासून बातम्या आणि स्थानिक सूचना बंद. संगीत, कथाकथन, आरोग्यविषयक भाषणं सुरू राहतील. भाषणं राजधानीतून ध्वनिमुद्रित होऊन येतील.

मी अनुदान बंद करा म्हणायला गेलो होतो. चालू ठेवा म्हणत परत आलो. आणि त्यांनी चालू ठेवलं ते नेमकं बिनबोलकं. भाताचं पाणी ठेवलं आणि भात फेकून दिला. चारही सभासद खूश आहेत. ज्यांना बंद हवं होतं त्यांना अर्धं बंद मिळालं, ज्यांना चालू हवं होतं त्यांना अर्धं चालू. अध्यक्षांनी मला हात मिळवून सांगितलं, "बघा, तुमचंही मन राखलं."

माझं वेगळं मत शेवटी बारीक अक्षरांत छापलंय. रखवालदार आहे, उकळलेलं पाणी आहे, माझी सगळी शोभा आहे. फोनचा परिच्छेद नाही. तिसरा मुद्दा संपतो आणि पाचवा सुरू होतो. मी सचिवांच्या कचेरीत जाऊन विचारलं. तिथला कारकून फार नम्रपणे म्हणाला, "छपाईत राहिलं असेल, साहेब." मला, छापखानेवाल्याला!

ही घरी म्हणाली, "एवढं ओरडायचं होतं तर त्यांच्याकडेच ओरडायचं, माझ्याकडे कशाला?" बरोबर आहे तिचं. तो वगळलेला परिच्छेद मी हातानं लिहून बावीस वर्तमानपत्रांना पाठवला. एकानं छापला, पत्रव्यवहारात, निम्मा.

तुम्ही पहिल्याच पत्रात म्हणाला होतात, निकाल द्यायचा तो द्या. मला देताच आला नाही. क्षमा करा.

आपला व्याही

२ जून

व्याहीबुवांना सप्रेम नमस्कार.

परवा शेवटचं बातमीपत्र झालं. पाच पानांचं. चार पानं रोजची होती. पाचव्यावर मी सात ओळी वाचल्या, पाण्याच्या, जशा तेव्हा लिहिल्या होत्या तशाच. मग म्हटलं, "ही बातमी या केंद्राकडे तीन महिन्यांपूर्वी होती. ती मी वाचली नाही. मला न वाचायला सांगण्यात आलं आणि मी ऐकलं." माझं नाव सांगितलं. कानसेन काचेपलीकडे उभा राहिला होता. त्याला वाटलं मी रडेन. मला रडू नाही आलं, लाज वाटली. सगळ्यांना सगळं माहीत झाल्यावर धीर करण्यात कसला आलाय धीर!

संध्याकाळी शिंप्याच्या बायकोकडे गेले. तिच्याकडे रेडिओ नाही, तिला मीच सांगितलं. ती म्हणाली, "आता मला सांगून काय उपयोग?" आणि आत गेली. मी दारातून परत आले. बाकी कुणी काही म्हणो, मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकून आले.

मला नोटीस मिळालीय, पंधरा दिवसांत खुलासा द्यायचा. 'वादाला जागा' दिल्याबद्दल.

काल सकाळी टेबल आवरत होते. बातम्यांच्या खोलीत आता तंबोरे ठेवणार आहेत. दारात एक बाई आली, खालच्या वस्तीतली. टेकडी चढून दम लागला होता. म्हणाली, "बाई, आज पाणी कसं आहे? रोज सकाळी तुम्ही सांगत होतात, आज काही लागलंच नाही. घरात तान्हं आहे." गेले दोन महिने आम्ही रोज सांगत होतो, आज उकळा, आज चालेल. मला आदल्या दिवशीचं माहीत होतं. त्या दिवसाचं माहीत नव्हतं. आता ते विचारून आणायला कुणाला पगार नव्हता.

मी चपला घातल्या आणि तिच्याबरोबर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "आपण कुणाकडून?"

नऊ वर्षं या प्रश्नाला मी विचार न करता "रेडिओकडून" म्हणत आलेय. काल बाईकडे बोट दाखवून म्हटलं, "ह्यांच्याकडून."

"ह्या कोण?"

ती म्हणाली, "मी पाणी पिते."

त्याला याचं काय करायचं ते कळेना. तसा रकाना त्याच्या अर्जात नाही. म्हणाला, साहेब आल्यावर बघू. काल साहेब आलेच नाहीत. आज सकाळी आम्ही दोघी पुन्हा येऊन बसलोय, तिच्याबरोबर तिच्या शेजारच्या दोघी आल्यात. हे पत्र इथल्या बाकावर, नोटिशीच्या पाठीवर लिहितेय. तान्हं मांडीवर झोपलंय, तिच्या नाही, माझ्या. दोनदा विचारून झालं, "इथं बसायची परवानगी कुणी दिली?" तिसऱ्यांदा विचारलं तर तुमचं नाव सांगणार आहे, समितीचे सभासद म्हणून. चालेल ना?

थांबते. साहेब आलेत वाटतं.

नाही, दुसराच कुणी आहे.

तुमची विहीण